गोलकीची चार पानं

१ मार्च १९९२, रविवार. सकाळी साडेनऊच्या सुमारास परशुराम नाखवा माझ्याकडे आला आणि त्याने टेबलावर पाचशे बारा रुपये पन्नास पैसे ठेवले. ही बंदर स्पोर्टिंग क्लबच्या खात्यातली शेवटची शिल्लक होती. क्लब १९८१ साली बंद पडला. मैदानावर चार मजल्यांच्या तीन इमारती झाल्या. खात्यावर सह्या करणारे तिघे होते, त्यांतले दोघे वारले. उरला तो परशुराम.

"हे कसले?" मी विचारलं.

"पुस्तक काढतोय, क्लबचं. आपल्या चौऱ्याहत्तरच्या टीमच्या मुलाखती. पैसे क्लबचे, पुस्तक क्लबचं. हिशोब तुम्ही ठेवायचा, फणसेसाहेब. आणि शुद्धलेखन बघायचं."

मी पावती दिली.

परशुराम आणि मी शहाडजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं बरोबर होतो. मी अकाउंट्समध्ये, तो टाइम ऑफिसात. कामगार आत आला की कार्ड पंच करायचं, उशीर झाला असेल तर उशीर लिहायचा, कारण लिहायचं नाही, असं त्याचं काम होतं. १९९० साली कारखाना बंद झाला. मी कल्याणातल्या एका पतपेढीत लागलो. परशुराम घरी बसला. त्याची बायको सगुणा मच्छी मार्केटात बसायची, त्यामुळे घरी बसणं त्याला परवडत होतं. सगुणेला ते परवडत नव्हतं, पण तो वेगळा विषय आहे.

परशुराम बंदरवाडीचा, म्हणजे कल्याणच्या खाडीकाठच्या कोळ्यांच्या वस्तीतला. तिथे मुलगा चालायला लागला की फुटबॉलला लाथ मारायला लागतो. परशुरामला तिसरीत चष्मा लागला. वाडीतला तो पहिला चष्मा. तो फुटला तर नवीन कोण देणार, या विचाराने त्याला कोणी टीममध्ये घेतलं नाही आणि पुढे घ्यायचं राहूनच गेलं. मॅचच्या दिवशी तो पहाटे उठून मैदानावर चुन्याची फक्की मारायचा. रेघा सरळ असायच्या. अर्ध्या वेळेला लिंबं कापायची, खेळाडूंची घड्याळं आणि चपला सांभाळायच्या, मॅच संपली की गोलच्या जाळ्या काढून घरी न्यायच्या. हे त्याने चौदा वर्षं केलं आणि बंदर स्पोर्टिंगची एकही मॅच चुकवली नाही. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मुहूर्त सेमीफायनलच्या दिवशी निघाला होता. मुहूर्त बदलला.

आता १९७४ च्या फायनलबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुस्तकाचं सगळं काम तिथेच येऊन अडत होतं.

बंदर स्पोर्टिंगचं मैदान अगदी खाडीला लागून होतं. एका बाजूच्या गोलमागे रेतीचे ढीग होते आणि ढिगांच्या मागे पाणी. क्लबकडे बॉल एकच. तो खाडीत गेला आणि ओहोटी असली, तर संध्याकाळपर्यंत डोंबिवली आणि रात्री मुंब्रा. म्हणून बॉल पाण्यात पडला की गोलकीने उडी मारून तो आणायचा, असा रिवाज होता. गोलकी होता नामा तांडेल. खाडीत बुडी मारून बादलीने रेती काढायचं त्याचं रोजचं काम, त्यामुळे पाण्याचं त्याला काही वाटत नसे. नामाची उडी बघायला म्हणून लोक मॅचला यायचे. बॉल घेऊन तो वर आला की टाळ्या पडायच्या.

फायनल लोको कॉलनीच्या टीमशी होती. पंच ठाण्याहून आले होते आणि त्यांनी पिशवीतून एक जादा बॉल आणला होता. मॅच संपायला चार मिनिटं असताना, शून्य-शून्य असताना, लोकोवाल्यांचा एक फटका बंदर स्पोर्टिंगच्या बॅकच्या पायाला लागून गोलच्या बाजूने खाडीत गेला. नामाने उडी मारली. पंचांनी पिशवीतला बॉल कॉर्नरवर ठेवला आणि शिट्टी वाजवली. लोकोवाल्यांनी मोकळ्या गोलमध्ये गोल केला. त्यांचे लोक टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात नामा पाण्यातून वर आला आणि त्याने सवयीप्रमाणे बॉल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून लोकांना दाखवला.

त्यानंतर वाडीत त्याला कोणी नामा म्हटलं नाही. 'बुडका गोलकी' म्हणायचे. पोरं त्याच्या मागून जाताना नाक दाबून बुडी मारल्याचं सोंग करायची. काहींनी तर लोकोवाल्यांनी त्याला पैसे चारले असंही उठवलं. दोन वर्षांनी तो बायकोला घेऊन खडवलीला सासुरवाडीच्या जमिनीवर राहायला गेला. नारळी पुनवेलासुद्धा परत आला नाही.

परशुरामने मेव्हण्याचा मस्कतहून आणलेला टेपरेकॉर्डर मिळवला आणि मुलाखती सुरू केल्या. टीममधले सगळे हयात होते, पण कोणी रेतीच्या बोटीवर, कोणी ठाण्याला मुलाकडे, एकजण विठ्ठलवाडीला हातगाडी लावणारा. दोन महिन्यांना एक मुलाखत होई. पहिला प्रश्न ठरलेला असे, "जेवलास काय?" दुसरा, "बूट कितीचा?" बहुतेक जण अनवाणी खेळलेले, त्यामुळे दुसरं उत्तर लवकर आटपायचं. नंतर पाच पानं, सहा पानं बोलणं. मी ते कॅसेटवरून उतरवून घ्यायचो. कॅसेट्स सगुणेच्या होत्या. त्यांवर आधी हळदीची गाणी होती आणि उत्तर संपून पुढचा प्रश्न येईपर्यंत मध्येच चार बायका गायच्या.

दहाही जण फायनलबद्दल बोलले आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. नामाने उडी मारली नसती तर कप आपला होता. लेफ्ट आउट धोंडीबा तर म्हणाला, "आमी पुढं लढत होतो आणि ह्यो मागं पोहत होता." कॅप्टन पंढरी तांडेलची मुलाखत सगळ्यांत लांब झाली. पंढरी म्हणजे नामाचा चुलतभाऊ. त्याच्या वडिलांच्या रेतीच्या होड्या होत्या, आता त्याचे स्वतःचे दोन डंपर होते. तो शेवटी म्हणाला, "नामामुळे कप गेला हे खरं. पण लिहून ठेव परशा, मी त्याला कधीच माफ केलंय." हे मी तसंच लिहून ठेवलं.

पुस्तक छापायचा सगळा खर्च पंढरी करणार होता. मागच्या पानावर त्याचा फोटो येणार होता. वाडीला पुढच्या वर्षी म्युनिसिपालटीचं इलेक्शन दिसत होतं.

दहा मुलाखती झाल्या तेव्हा परशुराम म्हणाला, "साहेब, नामाशिवाय टीम होत नाय. दहा जणांचं पुस्तक कोण वाचंल?" थोड्या वेळाने म्हणाला, "दहाही जण बोलले त्याने उडी मारली. का मारली, ते एकानं सांगितलं नाय. मीपण कधी विचारलं नाय. तो गेला तवा मी स्टेशनावर पोचवायलापण गेलो नाय."

मी म्हटलं, कदाचित तो बोलणार नाही.

"नाय बोलला तर पुस्तक नाय," परशुराम म्हणाला.

आम्ही खडवलीला गेलो. जानेवारी १९९४. नामा पडवळाच्या मांडवाखाली उकिडवा बसून सुतळी बांधत होता. अंगाने वाळला होता, पण खांदे अजून रुंद होते.

"कोण?" त्याने मान वर न करता विचारलं.

"परशा."

"कंचा परशा?"

"चष्म्यावाला."

नामाने मान वर केली. "अजून दिसत नाय तुला?"

"दिसतं. म्हणून आयलो."

"वीस वरसांनी दिसलं?"

"अठरा," परशुराम म्हणाला.

आतून नामाची बायको आवडाबाई आली. तिने आमच्याकडे, टेपरेकॉर्डरकडे आणि परत आमच्याकडे बघितलं. "बसा तरी. उभ्यानं भांडलात तर चहा सांडंल."

आम्ही बसलो. परशुरामने बटण दाबलं. "नामा, जेवलास काय?"

"अकरा वाजलेत. आत्ता कोण जेवतं?"

"बूट कितीचा?"

"मला बूट कुणी दिला होता?" नामा म्हणाला. "हे बघ, मांगुर मासे धरायचं विचार, पडवळाचं विचार. त्या मॅचचं नाय बोलणार मी."

"मग पुस्तकात दहाच जण येतील."

"येऊ दे. तवाबी दहाच होते मैदानात. मी पाण्यात होतो."

आवडाबाई हसली. नामा हसला नाही. चहा आला. परशुरामने कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"मी एकच विचारतो. उडी का मारलीस?"

"बॉल चालला होता म्हणून."

"पंचाकडं दुसरा होता."

"मना काय म्हाईत दुसरा बॉल असतो ते? आपल्याकडं कधी होता दुसरा?" नामाने सुतळी बाजूला टाकली. "आणि बॉल गेला असता तर भरला कुणी असता? तू?"

परशुरामने टेप चालू आहे का ते बघितलं.

"बहात्तरला पावसात एक बॉल गेला. आठवतं? पंढरीच्या बापानं दिलेला होता. पंढरी बोलला, खाडीकडचा गोल नामाचा, तर खाडीत गेलेला बॉलपण नामाचा. छप्पन रुपये. त्याच्याच बापाच्या होडीवर मी बुड्या मारायचो, चार रुपये रोज. आठवड्याला दोन-दोन रुपये कापले. शिमग्याला फिटले. तुमी सगळे तिथंच होता. कोण बोललं?"

हेही सगळ्यांना माहीत होतं. दहांपैकी एकाच्याही मुलाखतीत आलं नव्हतं.

"त्या दिवशी मी बघितलं ना," नामा म्हणाला, "एकीकडं गोल, एकीकडं बॉल. गोल गेला तर अकरा जणांचा जातो. बॉल गेला तर माझ्या एकट्याचा. मी बॉल धरला. वर आलो तर टाळ्या चालू. मना वाटलं माझ्यासाठी."

इथे कॅसेटची बाजू संपली. परशुरामने ती उलटून लावली, पण नामाचं बोलणं झालं होतं. त्याने मांडवाचं पडवळ दाखवलं, भाव सांगितला. निघताना म्हणाला, "छापणार असशील तर समदं छाप. एक शब्द काढलास तर माझं नावच काढ."

"शब्द नाय काढणार," परशुराम म्हणाला.

नामाची मुलाखत चार पानांची झाली. बाकी कोणाचीही एवढी कमी नव्हती. डोंबिवली पूर्वेला शिवराम म्हात्रे यांची प्रेस आहे, तिथे जुळणी सुरू झाली. बाकीची पानं जुळून झाली तेव्हा परशुरामने नामाच्या पानांची प्रुफं पंढरीला नेऊन दिली. मी बरोबर होतो. पंढरीचं ऑफिस म्हणजे रेतीच्या डेपोवर पत्र्याची एक खोली. भिंतीवर त्याचा हात जोडलेला मोठा फोटो होता. तोच पुस्तकाच्या मागच्या पानावर यायचा होता.

पंढरीने चार पानं दोनदा वाचली.

"ह्या छप्पन रुपयांचं काय आहे?"

"नामा बोलला ते आहे," परशुराम म्हणाला.

"अरे, ते बाबांनी कापले. मी फक्त बोललो."

"तसंच लिहिलंय. तू बोललास, बाबांनी कापले."

"बाप गेला माझा. मेलेल्या माणसाला पुस्तकात ओढतोस?" पंढरीने प्रुफं खाली ठेवली. "परशा, पुढच्या वर्षी इलेक्शन आहे. वाडीत घरोघरी हे पुस्तक जाणार. माझ्याच पैशांनी छापून माझ्याच घरासमोर वाचणार लोकं. ही चार पानं काढ. मी त्याला माफ केलंय, ते तेवढं राहू दे."

"ते राहील. हेपण राहील."

"फणसेसाहेब, तुम्ही शिकलेले आहात. सांगा याला."

मी म्हटलं, छपाईच्या हिशोबाने चार पानं काढणं सोपं आहे. हे खरं होतं आणि तेवढंच मला त्या वेळी सुचलं.

परशुरामने चष्मा वर सरकवला. "पंढरी, टाइम ऑफिसात एक असतं बघ. माणूस आत आला की कार्ड पंच करायचं. साहेबाला तो आवडतो की नाय ते बघायचं नसतं. तो आत आला ना, मग तो आत आला."

"मग माझे पैसे नाहीत."

"बरं."

पंढरीने चहा मागवला. चहा झाल्यावर त्याने ड्रायव्हरला हाक मारून आम्हाला परशुरामच्या घरापर्यंत सोडायला सांगितलं. डंपरमधून मी तेव्हा पहिल्यांदाच प्रवास केला. परशुराम वाटेत एवढंच म्हणाला, "पंढरी कॅप्टन चांगला होता. टॉस नेहमी जिंकायचा."

घरी सगुणा मासळीची पाटी धूत होती. परशुरामने तिला सांगितलं, पंढरी पैसे देत नाही. तिने पाटी पालथी घातली.

"म्हणजे पुस्तक नाय?"

"प्रेसवाला अर्धे आधी मागतो."

"आणि ह्या बाबांनी खडवलीला जाऊन नाम्याला शब्द दिला. आता काय परत जाऊन सांगणार? पडवळ छान आहे, पण पुस्तक नाय?"

मार्केटातल्या बायकांची भिशी होती आणि त्या महिन्यात सगुणेचा नंबर होता. त्या पैशांतून लोखंडी कपाट घ्यायचं ठरलं होतं, जागासुद्धा रिकामी करून ठेवली होती. तिने दुसऱ्या दिवशी तीन हजार रुपये माझ्याकडे आणून दिले.

"कपाट येणार होतं घरात," ती मला म्हणाली. "आता पुस्तकं येणार. ठेवणार कुठं? कपाट नाय."

मी पावती दिली. तिने ती ब्लाउजमध्ये ठेवली आणि म्हणाली, "नाम्याच्या उडीला मीपण हसलेली. पोर होते तवा. पण हसलेली."

तीनशेऐवजी दोनशे प्रती काढायच्या ठरल्या. फोटो सगळे गेले, पंढरीचाही. पुठ्ठा पातळ घेतला. श्रावणात, नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी देवळापुढच्या मंडपात पुस्तक निघालं. किंमत पंधरा रुपये. नामा आला नव्हता. सकाळी नऊच्या आत पंढरीच्या ड्रायव्हरने साठ प्रती रोख विकत घेतल्या आणि डंपरमध्ये टाकून नेल्या. आजपर्यंत एकगठ्ठा एवढी खरेदी कोणी केलेली नाही. पंढरीने साठ पुस्तकं का नेली, हे वाडीला दुपारपर्यंत समजलं आणि संध्याकाळपर्यंत आणखी सत्तर खपली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही घेतली. घरात पोरं वाचून दाखवायला होती.

धोंडीबा लेफ्ट आउट दुसऱ्या दिवशी परशुरामकडे आला. तो ओट्यावर बसला.

"ते मी बोललो ना, तो मागं पोहत होता म्हणून."

"हां."

"ते काढता नाय येणार?"

"छापलंय."

"मना म्हाईत होते रे ते छप्पन रुपये," धोंडीबा म्हणाला. "विचारलं नाय कुणी."

"आता विचारतो. बोल."

धोंडीबा बोलला. परशुरामने टेप लावला नव्हता, कारण पुस्तक निघून गेलं होतं.

गणपती झाल्यावर एका रविवारी नामा आला. आवडाबाई बरोबर होती आणि पिशवीत पडवळं होती. कल्याण स्टेशनपासून तो चालत आला आणि मागच्या गल्लीने न येता वाडीच्या मधल्या रस्त्याने आला. त्या रस्त्यावर पंढरीचं घर आहे. पंढरी दारात उभा होता. मी परशुरामच्या ओट्यावर होतो, तिथून दोघंही दिसत होते.

"नामा," पंढरी म्हणाला. "कवा आयलास?"

"आत्ताच."

"चहा घेऊन जा."

"परशाकडं घेतो," नामा म्हणाला आणि पुढे आला.

सगुणेने चहा ठेवला. नामाने पुस्तक हातात घेतलं, मागून-पुढून बघितलं. "फोटो नाय?"

"परवडला नाय," परशुराम म्हणाला.

"बरं झालं. दाढी वाढली होती. वाच."

परशुरामने चार पानं मोठ्याने वाचली. दारात पाच-सहा माणसं जमली होती, त्यांत धोंडीबा होता. कोणी हसलं नाही. वाचून झाल्यावर नामाने पुस्तक परत हातात घेतलं.

"रोज चार नाय, सव्वाचार होता," तो म्हणाला. "चाराण्याचं मी विसरलो होतो. आवडानं आठवण करून दिली."

"पुढच्या वेळी दुरुस्त करतो," परशुराम म्हणाला. पुढची आवृत्ती निघणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. नामाने पंधरा रुपये काढून ठेवले. परशुराम नको म्हणाला. आवडाबाई म्हणाली, "घ्या. फुकटचं ते ठेवत नाय." मी पावती दिली. नामा तेव्हापासून नारळी पुनवेला येतो, दुपारी जेवतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. पंढरी इलेक्शनला एकशे चाळीस मतांनी पडला. बंदरवाडीतून त्याला भरपूर मतं मिळाली होती. तो पडला तो शेजारच्या नव्या इमारतींमुळे, म्हणजे जुन्या मैदानामुळे.

मी पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतो आहे. त्याआधी परशुरामने ठेवायला दिलेला हिशोब पूर्ण करून त्याला परत द्यायचा आहे. त्यात एक रक्कम राहिली आहे. पुस्तक ठरलं होतं चौसष्ट पानांचं आणि दहा मुलाखतींतच ती पानं भरली. नामाच्या चार पानांसाठी प्रेसला वेगळा छोटा फर्मा, म्हणजे छापायचा जादा ताव, चढवावा लागला, त्याचे तीनशे दहा रुपये झाले. ते पुस्तकाच्या खात्यावर न टाकता परशुराम स्वतःच्या खिशातून हप्त्याने फेडतो आहे, त्यांतले एकशे पंचवीस दिले आहेत. शिवराम म्हात्रे यांचे एकशे पंच्याऐंशी रुपये देणं आहे.